युरोपात कामाला जायचंय? आधी त्या देशाचं खातं वाचायला शिका : माल्टाचं उदाहरण, घाटनांदूरचा हिशोब



परदेशावरच्या व्हिडिओनंतर सर्वात जास्त आलेला प्रश्न असा : "सर, माल्टाला जायची संधी आहे. महिन्याला लाखभर रुपये मिळतील असं सांगतात. जाऊ का?"

'जा' किंवा 'जाऊ नका' हे मी सांगणार नाही. तुमचं घर, तुमची जमीन, तुमचं कर्ज मला माहीत नाही. पण ज्या देशात जायचं त्याची अर्थव्यवस्था कशी वाचायची, हे नक्की सांगता येतं. व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात, म्हणून हा धडा लेखी देतोय. वही-पेन घेऊन बसा. उदाहरणासाठी आपला माणूस असेल अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरचा आणि देश असेल माल्टा. देश दुसरा असला तरी पद्धत हीच राहील.

सुरुवात आपल्याच अनुभवापासून

कामासाठी घर सोडून लांब जाणं बीड जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडतात आणि उन्हाळ्यात परत येतात. या व्यवहारातले शब्द घाटनांदूरच्या लहान पोरालाही ठाऊक असतात : मुकादम, उचल, टोळी, कोयता.

आता विचार करा. ऊसतोडीला गेलेलं जोडपं मेहनतीत कमी पडतं का? नाही. तरीही कित्येक घरांची उचल हंगाम संपला तरी फिटत नाही. कारण मजुरी हातात येण्याआधीच तिच्यावर उचल, मुकादमाचं कमिशन आणि मधला घरखर्च यांचा हक्क लागलेला असतो. टनाला काय भाव मिळतो हे सगळे विचारतात. हंगामाच्या शेवटी घरी किती येतं, हा प्रश्न मागे राहतो.

परदेशी नोकरीचं गणितही याच साच्याचं आहे. मुकादमाच्या जागी एजंट येतो. उचल कारखान्याकडून यायची, इथं तुम्ही गावातून कर्ज काढून एजंटला देता. म्हणजे उचल तुमची, व्याज तुमचं आणि जोखीमही तुमचीच. म्हणून आजच्या धड्याचं एकच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा : पगार किती हा अर्धा प्रश्न आहे; उरतं किती आणि कधीपासून उरतं, हा पूर्ण प्रश्न आहे.

त्याचं उत्तर मिळवायला सहा पायऱ्या आहेत.

पायरी १ : देशाचा आकार आपल्या मापानं मोजा

माल्टा हा भूमध्य समुद्रातला, इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला असलेला बेटांचा देश. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ आहे १०,६९३ चौरस किलोमीटर. म्हणजे एका बीड जिल्ह्यात तेहतीस माल्टा बसतील. २०२१ च्या जनगणनेत माल्टाची लोकसंख्या ५ लाख १९ हजारांच्या घरात होती. बीड जिल्ह्याची २०११ मध्येच २५ लाख ८५ हजार होती.

हे माप कशाला घ्यायचं? लहान देशाची बाजारपेठही लहान असते म्हणून. एखाद्या कामाला माणसं कमी आहेत अशी बातमी आली आणि चारही बाजूंनी माणसं पोचली, की ती कमतरता लवकर भरून निघते. पुणे-मुंबईत हजार माणसं जास्त आली तर कळतही नाही. पाच लाखांच्या देशात ती दिसतात. जागेचं भाडं वाढतं, कामाचे तास कमी मिळतात आणि सरकारला नियम बदलावे लागतात.

माल्टात हे घडलेलं आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या दर पाच रहिवाशांमागे एकाहून जास्त माणूस परदेशी होता. पुढे टॅक्सी चालवणाऱ्यांची आणि मोटरसायकलवर जेवण पोचवणाऱ्यांची गर्दी झाली. २०२४ मध्ये सरकारनं या कामांसाठी युरोपीय संघाबाहेरच्या लोकांना नवे परवाने देताना हात आखडता घेतला. ज्यानं दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून तयारी केली, त्याच्यासाठी दार बंद झालेलं होतं. म्हणून लहान देशाची माहिती घेताना पहिला प्रश्न विचारायचा : ही माहिती कोणत्या महिन्याची आहे?

पायरी २ : तो देश काय विकून जगतो?

प्रत्येक गावाचं एक पीक असतं, तसं प्रत्येक देशाचंही असतं. माल्टात खनिज तेल नाही, मोठी शेती नाही, कायम वाहणारी नदी नाही. मग पैसा येतो कुठून?

जुन्या काळी तो ब्रिटिश आरमारातून यायचा. गोदी, जहाजदुरुस्ती, सैनिकांचा खर्च यांवर बेट चालायचं. १९६४ मध्ये माल्टा स्वतंत्र झाला आणि ३१ मार्च १९७९ ला ब्रिटिश सैन्याचा तळ कायमचा हलला. एकच मोठं गिऱ्हाईक आणि तेच निघून गेलं! देशाला नवी पिकं शोधावी लागली. पर्यटन वाढवलं, इलेक्ट्रॉनिक चिप बनवणारे परदेशी कारखाने आणले, बँकिंग-विमा क्षेत्र उभं केलं. २००४ मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि त्याच वर्षी ऑनलाइन गेमिंग कंपन्यांसाठी नियमावली केली. १ जानेवारी २००८ पासून तिथं युरो हे चलन आहे.

आज तिथं सर्वात डोळ्यांत भरणारं पीक पर्यटन. २०२४ मध्ये ३५ लाखांहून जास्त पर्यटक आले. पाच लाख घरच्यांमागे पस्तीस लाख पाहुणे! म्हणून वेटर, स्वयंपाकी, हाउसकीपिंग, साफसफाई, बांधकाम, वृद्धांची देखभाल या कामांना बाहेरची माणसं लागतात.

पण एका पिकावरच्या गावाचं दुष्काळात काय होतं, हे मराठवाड्याला सांगायची गरज नाही. २०१९ मध्ये माल्टाला साडेसत्तावीस लाख पर्यटक आले होते. २०२० मध्ये, करोनाच्या वर्षी, हा आकडा सात लाखांच्याही आत आला. म्हणून तुमची नोकरी कोणत्या पिकावर उभी आहे हे आधी लिहून काढा. हॉटेलातलं काम असेल तर हेही विचारा : उन्हाळ्यात जितके तास काम मिळतं तितकेच तास हिवाळ्यात मिळतात का? करारात तासांची हमी लिहिलेली आहे का?

पायरी ३ : तो देश काय विकत घेतो?

अन्नधान्य, इंधन, बांधकामाचं सामान, यंत्रं यांतलं बहुतेक सगळं माल्टात बोटीनं येतं. पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवला जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आठवा. लांबून किंवा यंत्रातून आलेल्या वस्तूची किंमत कशी वाढते हे आपल्याला कळतं.

ज्या देशात बहुतेक वस्तू बाहेरून येतात तिथं रोजच्या जगण्याचा खर्च चढा असतो. 'तिथं दूध किती रुपयांना?' असं नुसतं विचारू नका. 'एक तासाच्या मजुरीत किती दूध येतं?' असं विचारा. रुपयात रूपांतर करून बघितलं की पगारही मोठा दिसतो आणि खर्चही मोठा दिसतो. मजुरीच्या तासांत मोजलं की खरं चित्र दिसतं.

सर्वात मोठा खर्च राहण्याचा. जमीन ३१६ चौरस किलोमीटरच आहे. पाहुणे, कंपन्यांतले मोठ्या पगाराचे लोक आणि तुमच्यासारखे कामगार, सगळ्यांना तिथंच राहायचंय. बहुतेक कामगार खोली किंवा नुसती कॉट वाटून घेतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : २०२० पासून माल्टात घरभाड्याचा करार तिथल्या हाउसिंग ऑथॉरिटीकडे नोंदवणं बंधनकारक आहे. घरमालक 'कागद नको, रोख द्या' म्हणाला तर तुमच्या राहण्याचा पुरावाच तयार होत नाही, आणि परवान्याच्या कामात तो लागतो.

दिलासा देणाऱ्या बाबीही लिहा. ऑक्टोबर २०२२ पासून तिथल्या रहिवाशांना स्वतःच्या नावाचं कार्ड असेल तर सरकारी बस फुकट आहे. माल्टीजच्या बरोबरीनं इंग्रजीही अधिकृत भाषा आहे, त्यामुळे जर्मनी-फ्रान्ससारखी वेगळी भाषा शिकण्यात वर्ष घालवावं लागत नाही. खात्याच्या दोन्ही बाजू भरायच्या असतात.

पायरी ४ : परवाना कुणाच्या नावाला बांधलेला आहे?

माल्टात आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या कामगाराला 'सिंगल परमिट' लागतं. राहण्याची आणि काम करण्याची परवानगी एकाच कार्डावर मिळते. पण हे कार्ड ठरावीक मालकाकडच्या ठरावीक कामासाठी असतं. मालक बदलायचा तर नवा अर्ज करावा लागतो. नोकरी गेली तर नवी शोधायला मोजकेच दिवस मिळतात. त्या कार्डावर स्वतःचं दुकान किंवा गाडा टाकता येत नाही. धंदा करायचा तर वेगळी परवानगी आणि वेगळ्या अटी आहेत. 'आधी नोकरी करतो, दोन महिन्यांत तिथं वडापाव सुरू करतो' असं म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. बायको-मुलांना नेण्यासाठीही उत्पन्नाची अट असते. किमान पगारावर ती पूर्ण होईल असं धरून चालू नका.

हॉटेल-पर्यटन क्षेत्रासाठी माल्टानं 'स्किल्स पास' आणला आहे. म्हणजे जाण्याआधी अभ्यासक्रम आणि परीक्षा. एजंट याबद्दल एक शब्दही बोलला नाही, तर तो नव्या नियमांशी परिचित नाही किंवा तुमच्यापासून काही लपवतोय.

इथं गोव्याचं उदाहरण पुष्कळ जण देतात. 'गोव्याचा मित्र सहज गेला, मग मी का नाही?' गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता. त्याआधी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना नोंदी दाखवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. एकदा ते मिळालं की तो माणूस युरोपीय संघाचा नागरिक होतो आणि माल्टात काम करायला त्याला सिंगल परमिट लागत नाही. त्याचा रस्ता वेगळा, आपला वेगळा. तो मालक बदलू शकतो, आपण तसं सहज बदलू शकत नाही. दुसऱ्याचा अनुभव ऐकताना त्याच्या हातातला कागद कोणता आहे, हे आधी विचारा.

पायरी ५ : हातात किती येतं? चला, मांडूया

आता वहीचं नवं पान घ्या. २०२५ साठी माल्टात अठरा वर्षांवरच्या पूर्णवेळ कामगाराचा कायद्यानं ठरलेला किमान पगार आठवड्याला २२१.७८ युरो होता. दर जानेवारीत हा आकडा बदलतो, म्हणून तुम्ही जाल त्या वर्षाचा आकडा घाला. हिशोब सोपा व्हावा म्हणून १ युरो = १०० रुपये धरू.

- वर्षाचे ५२ आठवडे : ११,५३२ युरो. महिन्याला सरासरी ९६१ युरो.
- सामाजिक सुरक्षेची कपात १० टक्के : सुमारे ९६ युरो.
- आयकर : २०२५ मध्ये अविवाहिताच्या दरानं १२,००० युरोपर्यंत करमुक्त, म्हणून इथं जवळजवळ शून्य.
- हातात : महिन्याला सुमारे ८६५ युरो.

शिवाय वर्षातून चार हप्त्यांत कायद्यानं ठरलेला बोनस आणि भत्ता मिळतो, मिळून ५१२ युरोंच्या आसपास. तो मासिक खर्चात धरू नका. परवान्याचं नूतनीकरण, विमा आणि आजारपण यांसाठी बाजूला ठेवा.

म्हणजे 'लाखभर' ऐकलं होतं ते हातात येताना ८६,५०० झालं. आता खर्च. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे खरे आकडे तिथं राहणाऱ्या दोन-तीन जणांना विचारून भरा.

- वाटून घेतलेली जागा, वीज-पाण्यासह : ३०० युरो
- जेवण, स्वतः करून : १७० युरो
- फोन, इंटरनेट : २५ युरो
- कपडे, औषधं, किरकोळ : ४० युरो
- एकूण : ५३५ युरो

८६५ वजा ५३५, उरले ३३० युरो, म्हणजे ३३,००० रुपये. घाटनांदूरच्या मानानं ही रक्कम लहान नाही. पण अजून हिशोब पूर्ण झालेला नाही. तुम्ही गावी राहिला असता तर काय कमावलं असतं आणि त्यातलं किती वाचलं असतं? समजा महिन्याला ८,००० रुपये वाचले असते. मग जाण्याचा खरा फायदा २५,००० रुपये. सोडून दिलेली कमाई हाही खर्चच असतो. धंद्याच्या हिशोबात आपण हे शिकलोय, इथंही तेच लावा.

पायरी ६ : जाण्याचा खर्च आणि त्यावरचं व्याज

आता सगळ्यात महत्त्वाचं पान. दोन माणसं घेऊ. दोघंही घाटनांदूरचे, दोघांना एकच नोकरी, एकच पगार, एकच खर्च. दोघांकडेही महिन्याला ३३,००० रुपये उरतात.

पहिला माणूस एजंटला ६ लाख देतो. पैसे गावातून, तीन रुपये शेकड्यानं. म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याजच १८,००० रुपये. ३३,००० पाठवले तर १८,००० व्याजात गेले आणि मुद्दल फक्त १५,००० नं कमी झालं. दर महिन्याला न चुकता ३३,००० भरत राहिला तर कर्ज फिटायला सुमारे २७ महिने लागतात. सव्वादोन वर्षं! तोवर व्याजापोटी सुमारे २ लाख ८० हजार गेलेले असतात. सव्वादोन वर्षांनी त्याच्या हातात शिल्लक शून्य.

दुसरा माणूस वर्षभर थांबतो, कागदपत्रं स्वतः समजून घेतो, नोंदणीकृत मार्गानं जातो. तिकीट, विमा, कागदपत्रं, फी आणि पहिल्या महिन्याची अनामत धरून त्याचा खर्च समजा दीड लाख होतो, तोही बचतीतून. साडेचार महिन्यांत त्याचा खर्च वसूल. सत्तावीसाव्या महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात सुमारे ७ लाख ४० हजार रुपये.

दोघांच्या पगारात एका पैशाचा फरक नव्हता. फरक पडला तो जाण्याआधीच्या कर्जामुळे. आणि यात आजारपण, तास कमी मिळणं, नोकरी सुटणं धरलेलंच नाही. पहिल्याचे दोन महिने रिकामे गेले तर व्याज मुद्दलावर चढतं, आणि जमीन गहाण असेल तर गावी बसलेल्या आई-वडिलांच्या दारात सावकार येतो. माल्टाचा परवाना संपतो, कर्ज मात्र आपोआप संपत नाही.

म्हणून कायदा माहीत असू द्या. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून बघता येतं. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचं कार्यालय आहे, तिथं विचारता येतं. माल्टात अडचण आली तर तिथं भारताचं उच्चायुक्त कार्यालय आहे.

एक बारकावा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का असतो आणि ठरावीक १८ देशांत कामाला जाताना त्यांना उत्प्रवासाची मंजुरी घ्यावी लागते. माल्टा त्या यादीत नाही. त्यामुळे त्या मंजुरीच्या निमित्तानं होणारी करार आणि मालकाची तपासणी तुमच्या बाबतीत होणार नाही. ती तुमची तुम्हालाच करायची आहे.

आणि भामटा कसा ओळखायचा? 'आधी पैसे, मग करार', 'व्हिजिटर व्हिसावर चला, तिथं कामाचा करून देतो', 'पावती कशाला, विश्वास नाही का?' या तीनपैकी एक वाक्य जरी कानावर आलं, तरी उठून या. चहासुद्धा पिऊ नका.

उद्योजकानं जावं कशासाठी?

आपला वर्ग नोकरदारांचा नाही, उद्योजक होऊ पाहणाऱ्यांचा आहे. मग परदेशी नोकरीकडे आपण कसं बघायचं? भांडवल आणि कसब गोळा करण्याचं ठिकाण म्हणून. जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

१. रक्कम. 'भरपूर पैसे' हा आकडा नसतो. 'माझ्या धंद्याला ७ लाख लागतात' हा आकडा असतो.

२. तारीख. कोणत्या महिन्यात परत येणार. तारीख नसेल तर दरवर्षी 'अजून एक वर्ष' होत राहतं.

३. कसब. पैशाशिवाय काय शिकून येणार. हॉटेलात खोली किती मिनिटांत आणि कोणत्या क्रमानं तयार करतात, स्वयंपाकघरात स्वच्छतेची नोंदवही कशी ठेवतात, तक्रार करणाऱ्या पाहुण्याशी कसं बोलतात, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची देखभाल कशी करतात. रोज एक पान लिहायचं.

ही शिदोरी घरी चालते का? बघा ना. घाटनांदूर परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं स्टेशन. एका बाजूला परळी, तिथं वैद्यनाथाच्या दर्शनाला लांबलांबून माणसं येतात. दुसरीकडे अंबाजोगाई, तिथं योगेश्वरीचं देऊळ आणि वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. भाविक येतात, रुग्णांचे नातेवाईक येतात. त्यांना स्वच्छ खोली हवी, वेळेवर जेवण हवं, चांगलं पाणी हवं. माल्टा पाहुण्यांवर जगतो. पाहुणे आपल्याही दारावरून जातात. त्यांना थांबवणारी व्यवस्था उभी करणं, हे तिथं शिकून येण्यासारखं काम आहे.

गृहपाठ

खालच्या दहा प्रश्नांची उत्तरं लिहा. माहितीसाठी माल्टाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची आणि युरोस्टॅटची संकेतस्थळं बघा, दोन्ही इंग्रजीत आहेत. इंग्रजी जड जात असेल तर गावातल्या कॉलेजच्या मुला-मुलीला सोबत बसवा.

१. देशाची लोकसंख्या किती, आणि त्यात परदेशी किती?
२. देश कोणत्या तीन गोष्टी विकून जगतो?
३. माझी नोकरी त्यांपैकी कशावर उभी आहे? मंदीत तिचं काय होईल?
४. या वर्षीचा किमान पगार किती? माझ्या करारातला किती?
५. सगळ्या कपातींनंतर हातात किती?
६. राहण्याचा खर्च किती, आणि हे मला सांगणारा तिथं खरोखर राहतो का?
७. परवाना किती महिन्यांचा? मालक बदलता येतो का? नूतनीकरणाचा खर्च कोण करणार?
८. जाण्याचा एकूण खर्च किती? त्यातलं कर्ज किती, व्याज किती?
९. खर्च वसूल व्हायला किती महिने? तो आकडा परवान्याच्या मुदतीपेक्षा मोठा आहे का?
१०. सहा महिन्यांत परत यावं लागलं तर घरचं काय होईल?

नवव्या प्रश्नात वसुलीचे महिने परवान्याच्या महिन्यांपेक्षा जास्त आले, तर तो व्यवहार त्या अटींवर करू नका. अटी बदला, खर्च कमी करा किंवा थांबा. आणि दहाव्या प्रश्नाचं उत्तर एकट्यानं लिहू नका. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना शेजारी बसवून लिहा.

आणखी एक काम, खास माझ्या वर्गासाठी. माल्टाचं पान भरण्याआधी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे प्रश्न स्वतःच्या गावाला लावून बघा. आपलं गाव काय विकून जगतं? काय बाहेरून विकत आणतं? कोणत्या कामाला माणूस मिळत नाही? घाटनांदूरचं हे पान भरता आलं, तर माल्टाचं भरायला फार वेळ लागणार नाही. आणि भरताना एखादी जागा रिकामी दिसली, कुणी करत नाही असं एखादं काम सापडलं, तर तिकिटाचे पैसे जरा थांबवून त्या कामाचाही हिशोब मांडून बघा.

तुमची दहा उत्तरं व्हिडिओखाली लिहा. पगाराचा, कर्जाचा आकडा लिहायचा नसेल तर नुसते महिने लिहा : वसुलीचे किती, परवान्याचे किती. पुढच्या धड्यात, बाहेरून आणलेलं भांडवल गावात कुठं आणि किती टप्प्यांत गुंतवायचं, ते आकड्यांसह बघू.

भेटूया!